नेट नसलेल्या डेस्कटॉपसाठी कॅलेंडर: प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५, शनिवार

ताईच्या टेबलावरचा डेस्कटॉप १ फेब्रुवारीपासून कायमचा नेटबाहेर जाणार. ती करारनामे आणि पेटंटची कागदपत्रं अनुवादित करते, आणि एका मोठ्या कामाच्या अटीत स्पष्ट लिहिलंय की मजकूर ज्या मशीनवर उघडेल ते नेटला जोडलेलं नसावं. मशीनवर लिनक्स आहे, पडद्यावरची मांडणी केडीई प्लाझ्मा, ताईच्या हाताला सवयीची. शब्दकोश, फॉन्ट, ऑफिस सगळं बसवून झालं. राहिलं कॅलेंडर, आणि ते माझ्याकडे आलं.

तिला काय हवंय ते तिच्याच शब्दांत लिहून घेतलं. "महिना एका नजरेत दिसला पाहिजे. मुदतीची आठवण प्रोग्रॅम उघडा नसला तरी आली पाहिजे. कागदावर छापता आलं पाहिजे. आणि प्रोग्रॅम गेला म्हणून माझ्या तारखा गेल्या, असं परत व्हायला नको."

शेवटचं वाक्य ती दोनदा बोलली. तिचा आधीचा डेस्कटॉप प्रोग्रॅम एके दिवशी उघडायचाच थांबला. नशिबाने कधीतरी एक एक्स्पोर्ट काढून ठेवली होती. त्यानंतरच्या दीड वर्षाच्या नोंदी त्या प्रोग्रॅमच्या स्वतःच्या बंद फॉरमॅटमध्ये अडकल्या त्या अडकल्याच. कुठल्या ग्राहकाला कधी काय पोचवलं, याचा पुरावाच त्यात होता.

पेनड्राइव्हवर दोन आयसीएस फायली (कॅलेंडरच्या नोंदींचा सर्वमान्य फॉरमॅट) मिळाल्या: एक त्या जुन्या एक्स्पोर्टची, दुसरी अलीकडच्या ऑनलाइन खात्यातून काढलेली.

५ जानेवारी, रविवार

निवडीची पहिली कसोटी ठरवली: नोंदी कुठल्या फाईलमध्ये राहतात, ती फाईल मला साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून वाचता येते का, आणि ती उचलून दुसऱ्या प्रोग्रॅमला देता येते का. दिसणं, रंग, बटणं हे सगळं त्यानंतर.

आयसीएस फाईलची मूळ रचना १९९८ साली आरएफसी २४४५ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या प्रमाणांचे क्रमांकित दस्तऐवज) ठरली, २००९ साली आरएफसी ५५४५ ने तिची जागा घेतली. इतक्या वर्षांत हजारो प्रोग्रॅम आले नि गेले, फाईल तीच आहे. आत सगळा साधा मजकूर. 'बिगिन, व्ही-इव्हेंट' अशी ओळ, मग युआयडी (नोंदीची ओळख), डीटीस्टार्ट (सुरुवात), डीटीएंड (समाप्ती), समरी (शीर्षक), आणि शेवटी 'एंड'. कामांसाठी व्ही-टूडू, रोजनिशीसाठी व्ही-जर्नल, आठवणीसाठी व्ही-अलार्म. ज्याला हे नाव-किंमत जोड्यांचं लिखाण वाचता येतं, त्याच्या नोंदी कुठलाही प्रोग्रॅम बंद पडला म्हणून जाणार नाहीत. आयुष्याचं वेळापत्रक ज्यात आहे ती वस्तू मालकाला उघडून बघता आलीच पाहिजे, यावर मी ठाम आहे.

११ जानेवारी, शनिवार

यादीत घेतलेले कॅलेंडर प्रोग्रॅम: थंडरबर्ड, इव्होल्युशन, जीनोम कॅलेंडर, केऑर्गनायझर, कॅलकर्स, खाल. दिवसभर एकेक बसवून बघितला.

कॅलकर्स आणि खाल दोन्ही टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, चालतात. दोन्ही मला मनापासून आवडतात. खाल तर प्रत्येक नोंदीची वेगळी आयसीएस फाईल एका फोल्डरमध्ये ठेवतो. याहून स्वच्छ साठवण मी पाहिली नाही. पण ताई टर्मिनल उघडणार नाही आणि तिने ते उघडावं अशी अपेक्षाही नाही. बाजूला ठेवले.

जीनोम कॅलेंडर नीटनेटकं. पुनरावृत्तीचे पर्याय मात्र मोजके: रोज, दर आठवड्याला, दर महिन्याला, दर वर्षाला असे. ताईची बिलं महिन्याच्या शेवटच्या दिवशी जातात, दोन बैठका महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी असतात. तिथे ते कमी पडतं.

थंडरबर्डमध्ये कॅलेंडर आतच असतं. पूर्वी ते लाइटनिंग नावाचं वेगळं अॅड-ऑन होतं, २०२० च्या ७८ व्या आवृत्तीत ते मुख्य प्रोग्रॅममध्ये मुरलं. ईमेल खातं न जोडता नुसतं कॅलेंडर वापरता येतं. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडे चालतं, ही मोठी जमेची बाजू. स्थानिक कॅलेंडर मात्र प्रोफाइलमधल्या एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये राहतं, टेक्स्ट फाईलमध्ये नाही. एक्स्पोर्ट एका क्लिकवर होते, पण ती क्लिक कोणीतरी आठवणीने करायला हवी. शिवाय आठवण वाजायला थंडरबर्ड चालू असावं लागतं. बंद असताना हुकलेल्या आठवणी पुढच्या वेळी उघडल्यावर दाखवतं, तेवढं बरं.

इव्होल्युशनचं स्थानिक कॅलेंडर सरळ एका आयसीएस फाईलमध्ये असतं आणि आठवणींसाठी त्याचा एक छोटा प्रोग्रॅम पार्श्वभूमीत चालतो. केऑर्गनायझरचंही तसंच: 'आयसीएस कॅलेंडर फाईल' असा प्रकार निवडून आपल्याला हवी ती फाईल, हव्या त्या फोल्डरमध्ये दाखवता येते, आणि आठवणी देणारा त्याचा भाग लॉगिनपासून जागा असतो.

थंडरबर्ड, इव्होल्युशन, केऑर्गनायझर. तिघांना पुढे नेते.

१२ जानेवारी, रविवार

जुनी फाईल उघडली आणि तिथेच दिवस गेला.

इंग्रजी शीर्षकं ठीक. छोटी मराठी शीर्षकंही ठीक. लांब मराठी शीर्षकांत मात्र मधेच दोन काळे चौकोन, त्यात प्रश्नचिन्ह. प्रत्येक वेळी साधारण त्याच जागी. इतक्या नियमाने येणारी चूक म्हणजे कुठेतरी मोजणी आहे, एवढं कळलं.

हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाईलमधले बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, बघितल्यावर उलगडलं. आरएफसीनुसार आयसीएसची ओळ ७५ बाइटांपेक्षा लांब नसावी. लांब असली तर ती दुमडायची, म्हणजे ओळ तोडून पुढची ओळ एक मोकळी जागा सोडून सुरू करायची. वाचणाऱ्याने ती घडी उलगडून घ्यायची. आता देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत साठवायची प्रचलित पद्धत) ३ बाइट घेतं. काना, मात्रा, वेलांटी हीही स्वतंत्र चिन्हं, म्हणजे 'कि' लिहायला ६ बाइट. 'समरी' हा शब्द इंग्रजीत आणि त्यापुढचा अपूर्णविराम (:) मिळून ८ बाइट जातात. उरले ६७. त्यात २२ चिन्हं पूर्ण बसतात, ६६ बाइटांत, आणि एक बाइट उरतो. जुन्या प्रोग्रॅमने डोळे झाकून ७५ वर कात्री लावली. तेविसाव्या चिन्हाचा एक बाइट या ओळीत, दोन बाइट पुढच्या ओळीत.

इंग्रजीत एक अक्षर एक बाइट, म्हणून ही चूक लिहिणाऱ्याला कधी दिसलीच नसणार. आपल्या लिपीत मात्र बहुतेक लांब वाक्यांत ती येते. आरएफसी ५५४५ मध्ये या शक्यतेचा स्पष्ट उल्लेख आहे: साधे प्रोग्रॅम अक्षराच्या मधेच घडी घालू शकतात, म्हणून वाचणाऱ्याने उलगडताना मूळ बाइट नीट जोडून घ्यावेत. म्हणजे आधी घडी उलगडायची, मग अक्षरं वाचायची. क्रम उलटा झाला की चौकोन येतात.

मजकूर हरवलेला नाही, हे कळल्यावर मोठा दिलासा मिळाला. पायथनमध्ये चार ओळी लिहिल्या: फाईल अक्षरं म्हणून न उघडता बाइट म्हणून उघडायची, ओळ संपल्याची खूण आणि तिच्या पाठोपाठची मोकळी जागा जिथे जिथे सापडेल तिथून काढून टाकायची, आणि फाईल नव्या नावाने ठेवायची. नवी फाईल उघडली. सगळी शीर्षकं जशीच्या तशी. ताईला दाखवली. ती बराच वेळ २०१६ च्या नोंदी वाचत बसली, मग म्हणाली, "या कामाचे पैसे आले होते का, हे मी तेव्हापासून शोधतेय." उत्तर नोंदीतच होतं.

१४ जानेवारी, मंगळवार

जुन्या फाईलमधले वाढदिवस दोन-दोन दिवसांवर पसरलेले दिसतात. कारण सापडलं: पूर्ण दिवसाच्या नोंदीला नुसती तारीख द्यायची असते, या प्रोग्रॅमने मध्यरात्रीची वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहिली. दाखवताना ती स्थानिक वेळेत सरकते आणि नोंद दोन दिवसांवर सांडते. स्क्रिप्टमध्ये आणखी काही ओळी घातल्या.

एक बारीक गोष्ट इथे नोंदवून ठेवते, कारण हाताने फाईल दुरुस्त करणारा हमखास इथे अडखळतो: पूर्ण दिवसाच्या नोंदीत डीटीएंड म्हणजे नोंद संपल्यानंतरचा दिवस. १० मार्चची एका दिवसाची नोंद १० ला सुरू आणि ११ ला 'समाप्त' अशी लिहिलेली असते. तिथे १० लिहिणं ही चूक.

१८ जानेवारी, शनिवार

आता परीक्षा. स्वतःच्या हाताने एक चाचणी-फाईल लिहिली, मुद्दाम अवघड नोंदींची:

दर महिन्याच्या ३१ तारखेची नोंद. शेवटच्या दिवसाची नोंद. २९ फेब्रुवारीचा वाढदिवस. दर मंगळवारची बैठक, त्यातली एक रद्द, एक बुधवारवर ढकललेली. खूप लांब मराठी शीर्षक. दुसऱ्या देशाच्या वेळेतला फोन. तीन दिवस आधीची आणि एक तास आधीची अशा दोन आठवणी असलेली मुदत.

तिन्ही प्रोग्रॅममध्ये ती आत घेतली, तिथून पुन्हा बाहेर काढली आणि दोन फायली ओळीला ओळ लावून ताडल्या. आत घेताना सगळं बरं दिसतं. बाहेर काय येतं ते खरं.

तिघेही पास झाले. ३१ तारखेची नोंद तिघांनीही वर्षात सातच वेळा दाखवली, आणि तेच बरोबर आहे: नियमात ३१ लिहिलं तर ज्या महिन्यात ३१ नाही तो महिना वगळायचा, असं प्रमाणच सांगतं. ताईची आजवरची बिलाची नोंद नेमकी अशीच होती! "म्हणून एप्रिलचं बिल दर वेळी उशिरा जायचं?" तिने विचारलं. होय, म्हणूनच. उपाय सोपा: ३१ ऐवजी उणे १, म्हणजे शेवटून पहिला दिवस. थंडरबर्ड आणि केऑर्गनायझर दोन्हींत 'शेवटचा दिवस' असा पर्याय खिडकीतच आहे, उणे-बिणे लिहावं लागत नाही.

२९ फेब्रुवारीचंही तेच. साधी वार्षिक नोंद २०२४ नंतर थेट २०२८ ला उगवते. फेब्रुवारीचा शेवटचा दिवस असा नियम केला की दर वर्षी येते.

१९ जानेवारी, रविवार

काल रात्री एक गोष्ट लक्षात आली. इव्होल्युशन आणि केऑर्गनायझर दोघेही आयसीएस वाचायला लिबिकल ही एकच लायब्ररी वापरतात. म्हणजे दोघांचं उत्तर जुळलं याला एकाच साक्षीदाराची साक्ष धरायला हवं. थंडरबर्ड वेगळ्या पायावर उभं आहे, आयकॅल-जेएस वर. तेव्हा निवड कोणाचीही झाली तरी पडताळणीला थंडरबर्ड माझ्या मशीनवर ठेवायचं. ताईच्या फाईलची प्रत तिथे उघडली आणि सगळं जागच्या जागी दिसलं, तर फाईल खरोखर निरोगी.

२० जानेवारी, सोमवार

मशीन दोन दिवस प्लगमधून काढून ठेवलं होतं. आज लावलं तर बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये) तारीख कित्येक वर्षं मागे.

कॅलेंडर निवडण्याच्या नादात घड्याळाचा विचारच केला नव्हता. नेट असताना मशीन वेळ बाहेरून मिळवतं आणि मदरबोर्डवरची बटण-बॅटरी संपली तरी कोणाला कळत नाही. नेट काढल्यावर ते घड्याळ हाच एकमेव आधार. ते चुकलं तर जगातलं कुठलंही कॅलेंडर चुकीच्या दिवशी आठवण देईल.

सीआर२०३२, ३ व्होल्टची. बदलली. वेळ लावली, हार्डवेअर घड्याळात लिहिली. आजपासून मोजणार: त्या घड्याळात ३२,७६८ हर्ट्झचा क्वार्ट्झ असतो, आणि दशलक्षात २० भागांची चूक धरली तरी दिवसाला पावणेदोन सेकंद, महिन्याला पाऊण मिनिटाहून थोडी जास्त. मुदतीच्या आठवणीला एवढं चालतं, पण वर्षभर दुर्लक्ष केलं तर दहा मिनिटं होतात.

२२ जानेवारी, बुधवार

वेळपट्ट्या. ताईचे ग्राहक वेगवेगळ्या देशांत. आयसीएसमध्ये वेळ तीन तऱ्हांनी लिहिता येते: जागतिक प्रमाणवेळेत, एखाद्या वेळपट्टीच्या नावासह, किंवा मोकळी, म्हणजे जिथे असाल तिथल्या घड्याळाने. ताई आजवर डोक्यात हिशोब करून सगळं स्वतःच्या वेळेत टाकायची. वर्षातून दोनदा ते चुकतंच. यंदा अमेरिका ९ मार्चला घड्याळ पुढे करणार, युरोप ३० मार्चला. मधले तीन आठवडे न्यू यॉर्क आणि लंडनमधलं अंतरही बदललेलं असतं. नोंद ग्राहकाच्या वेळपट्टीत केली की हे प्रोग्रॅम बघतो. तपासलं: न्यू यॉर्कचा दर सोमवारचा फोन १० मार्चला आपोआप एक तास अलीकडे सरकला.

हे ज्या तक्त्यावर चालतं तो वेळपट्ट्यांचा डेटाबेस मात्र जुना होत राहतो. सरकारं नियम बदलतात: मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतेक भागातली उन्हाळी वेळ रद्द केली, कझाकस्तानने १ मार्च २०२४ ला सगळा देश एका वेळेवर आणला. नेटवरच्या मशीनला हे बदल अपडेटमधून मिळतात. आपल्याला ते पॅकेज पेनड्राइव्हवरून न्यावं लागेल. दर तीन महिन्यांनी, असं ठरवलं, आणि तशी नोंद तिच्याच कॅलेंडरमध्ये घातली.

२५ जानेवारी, शनिवार

निवड झाली: केऑर्गनायझर, एका आयसीएस फाईलसह, ताईच्या 'कामं' फोल्डरमध्ये.

इव्होल्युशन जवळजवळ बरोबरीला होतं. ते आधीपासून जीनोम (प्लाझ्मासारखीच लिनक्सची दुसरी मांडणी) वापरणाऱ्यासाठी मी डोळे मिटून सुचवेन. इथे तीन गोष्टींनी पारडं झुकलं. एक, प्लाझ्मावर केऑर्गनायझर घरचंच. त्याला अकोनाडी ही स्वतःची साठवणसेवा लागते आणि ती जड आहे हे मान्य, पण या मशीनला झेपते. दोन, छपाई: दिवस, आठवडा, महिना, वर्ष, कामांची यादी, सगळं वेगवेगळं छापता येतं. आज महिन्याचं पान काढलं, मराठी अक्षरं, जोडाक्षरं स्वच्छ. तीन, जर्नल. ताईला त्या-त्या दिवशी किती पानं झाली, कुठला शब्द अडला, हे लिहायची सवय आहे. आजवर वेगळ्या वहीत. इथे ते त्याच तारखेखाली, त्याच फाईलमध्ये राहील. ही मागणी तिने सुरुवातीला सांगितलीच नव्हती. जर्नलचं बटण बघून तीच म्हणाली, "हे मला हवंय."

थंडरबर्डला नाकारताना वाईट वाटलं. मशीन बदलायची शक्यता असती तर तेच घेतलं असतं.

२९ जानेवारी, बुधवार

बॅकअप. रोज एकदा फाईलची प्रत तारखेच्या नावाने दुसऱ्या डिस्कवर. मशीन रात्री बंद असतं, म्हणून क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळी काम चालवणारी लिनक्सची सोय, उपयोगाचं नाही. सिस्टिमडीच्या (लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या) टायमरला 'हुकलं तर चालू झाल्यावर कर' अशी सूचना देता येते, ती दिली. अनेक वर्षांच्या नोंदी असूनही फाईल एका फोटोपेक्षा लहान आहे. जागेची चिंता नाही. दर रविवारी एक प्रत पेनड्राइव्हवर, ती ताई स्वतः घेणार.

मग उलट परीक्षा केली: ताईच्या समोर फाईल मुद्दाम काढून टाकली. तिचा चेहरा उतरला. कालची प्रत जागेवर ठेवली, केऑर्गनायझर पुन्हा उघडलं, सगळं परत. हे तिने स्वतःच्या हाताने एकदा करून बघितलं. प्रत परत लावून बघितल्याशिवाय बॅकअपवर माझा विश्वास बसत नाही, आणि तिचाही आता बसणार नाही.

घड्याळ: ९ दिवसांत ११ सेकंद पुढे. महिन्याला ३७ च्या आसपास. दर महिन्याच्या पहिल्या दिवशी हाताने वेळ मिळवायची, ही नोंदही घातली.

३१ जानेवारी, शुक्रवार

नेटची वायर काढली. वायफायचं कार्डही.

१ मार्च, शनिवार

महिनाभराने तपासणी. काल, २८ ला, बिलाची आठवण वाजली. जुन्या नियमाने ती वाजलीच नसती. ताईने बिल कालच पाठवलं. फाईलची प्रत माझ्या मशीनवर थंडरबर्डमध्ये उघडली: नोंदी, रद्द बैठका, आठवणी जुळल्या. लांब शीर्षकांत एकही चौकोन नाही. फाईलमध्ये घड्या अक्षरांच्या मधोमध न पडता शेवटाला पडलेल्या आहेत.

एक दुरुस्ती लागली. ताईने दोन मुदती पूर्ण दिवसाच्या म्हणून टाकल्या होत्या, त्यांची 'एक तास आधी'ची आठवण आदल्या रात्री ११ ला वाजली. मुदतीला वेळ द्यायची, असं ठरलं, आणि नवी नोंद उघडताना आपोआप येणारी आठवण एक दिवस आधीची करून ठेवली.

जर्नलमध्ये फेब्रुवारीचे २४ दिवस भरलेले आहेत. ते मी वाचले नाहीत, फक्त मोजले. १० मार्चचा न्यू यॉर्कचा फोन ताईने स्वतः उघडून बघितला, आणि भिंतीवर लावायला मार्चचं पान छापून घेतलं.